निचरा

दोन अंकांपूर्वी 'पाय का सुजतात' या प्रश्नाला मी आठ-दहा ओळींत उत्तर दिलं होतं. त्यात एक वाक्य होतं: प्रत्येक सूज लघवीच्या गोळीने उतरत नाही, काही सूज लसिकेची असते. (लसिका, म्हणजे लिम्फ: रक्तातून झिरपून वेगळ्या नळ्यांनी परत रक्तात जाणारा द्रव.) त्या एका वाक्यावर चाळीसेक पत्रं आली. मधुमेहावर दोन पानं लिहिली होती तेव्हा सहा आली होती. म्हणून या वेळचं सगळं सदर सुजेलाच देते आहे. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत, पत्रं थोडी आखडली आहेत.

प्र. तीन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीही काढल्या. दोन महिन्यांपासून डाव्या हातातल्या बांगड्या संध्याकाळी साबण लावल्याशिवाय निघत नाहीत. ओळखीच्या मेडिकलवाल्याने लघवीची गोळी दिली. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. घरचे म्हणतात, हात गळ्यात बांधून ठेव, काम करू नकोस. हे आता कायमचंच का? — एक वाचक, ता. शिरोळ

ताई, आधी या आठवड्यात तुमच्या सर्जनना हात दाखवून या. ऑपरेशननंतर अशी सावकाश आलेली सूज बहुतेक वेळा लसिकेचीच असते. पण काखेत पुन्हा गाठ नाही ना, हाताच्या शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, हे कुणीतरी हात लावून आणि गरज पडली तर सोनोग्राफी करून पाहायला हवं. ते झालं की पुढचं वाचा.

तुम्ही शिरोळच्या, त्यामुळे तुम्हाला समजावणं मला सोपं आहे. उसाला पाणी पाजून पाजून तुमच्याकडच्या जमिनी कशा क्षारपड झाल्या, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. पाण्याला वाट नाही, ऊन पाणी उडवून नेतं आणि मीठ वर पांढरं होऊन राहतं. ती जमीन नुसती वाळवून सुधारत नाही. खाली भोकांचे पाइप टाकून निचरा काढून द्यावा लागतो. तुमच्या हाताचं तसंच झालं आहे, फक्त मिठाच्या जागी प्रोटीन धरा.

अंगातल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या सतत झिरपत असतात. पाण्याबरोबर थोडं प्रोटीनही बाहेर पडतं. त्याचे कण मोठे, त्यामुळे बाहेर पडलेलं प्रोटीन आल्या वाटेने रक्तात परत शिरू शकत नाही. ते उचलून न्यायला वेगळ्या नळ्यांचं जाळं आहे, लसिकावाहिन्यांचं. हाताची लसिका काखेतल्या गाठींमधून गाळली जाते आणि गळ्याच्या मुळाशी मोठ्या शिरेत पडते. तुमच्या त्या गाठी काढल्या, आणि त्या काढणं भागच होतं. उरलेल्या आडवाटांवर हाताने तीन वर्षं निभावून नेलं, आता ते कमी पडतं आहे.

लघवीची गोळी रक्तातलं पाणी कमी करते, त्यामुळे हातातलंही थोडं ओढलं जातं. प्रोटीन मात्र हातातच राहतं आणि पुन्हा पाणी धरतं. असं महिनोन् महिने साचलं की त्या जागी तंतू आणि चरबी वाढू लागते. सुरुवातीला बोटाने दाबलं की खड्डा पडतो, पुढे तो पडेनासा होतो आणि कातडी जाड होते.

हे मी स्वतः चूक करून शिकले. 1985 साली मी आताच्या गोंदिया जिल्ह्यात (तेव्हा तो भंडाऱ्यातच होता) प्राथमिक आरोग्य केंद्रावर नवीन मेडिकल ऑफिसर होते. एका बाईचा पाय सुजलेला. मी आठ महिने तिला लघवीच्या गोळ्या दिल्या. दर खेपेला पाय थोडा उतरल्यासारखा वाटे आणि मला बरं वाटे. जुलैत भाताच्या रोवणीच्या दिवसांत ती बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, चक्कर येऊन पडली. अंगातलं पाणी आणि पोटॅशियम गेलेलं, आणि पाय आधीपेक्षा टणक. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाली, "बाई, गोळीनं लघवीच होते, पाय कुठं जाते?" माझ्या एम.बी.बी.एस.च्या पुस्तकात हे याहून नीट लिहिलेलं नव्हतं.

आता तुम्ही काय करायचं. गोळी बंद. हात गळ्यात बांधणंही बंद, कारण लसिकेला हृदयासारखा मोठा पंप नाही. तिच्या नळ्यांच्या भिंती आपल्या आपण आकसतात, आत झडपा आहेत, आणि भोवतालचे स्नायू हलले, श्वास खोल घेतला की ती पुढे ढकलली जाते. बांधून ठेवलेल्या हातात हे सगळं मंदावतं. पूर्वी आम्ही डॉक्टरच बायकांना सांगायचो की या हाताने घागर उचलू नका, पीठ मळू नका. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्याचा नीट अभ्यास झाला. हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाने, अगदी वजनं उचलूनही, सूज वाढत नाही असं दिसलं. तेव्हा पीठ खुशाल मळा, फक्त एकदम वीस भाकऱ्यांचं नको.

लिम्फेडेमाचं, म्हणजे लसिकेच्या सुजेचं, काम शिकलेली फिजिओथेरपिस्ट शोधा. सांगली-मिरजेकडे किंवा पुण्यात कॅन्सर हॉस्पिटलात चौकशी करा. ती हलक्या हाताने लसिका दुसऱ्या वाटेला वळवते, मग हाताला अनेक थरांची पट्टी बांधते. दोन-चार आठवड्यांत हात जेवढा उतरायचा तेवढा उतरला की तुमच्या मापाची घट्ट बाही मिळते. ती दिवसभर घालायची. साधारण सहा महिन्यांत तिचा ताण जातो, मग नवी घ्यावी लागते. हा खर्च असतो आणि तो टळत नाही, हे आधीच सांगून ठेवते. आता काही मोठ्या शहरांत मायक्रोस्कोपखाली लसिकावाहिनी शिरेला जोडण्याची शस्त्रक्रियाही होते. सूज लवकरची असेल तर तिचा उपयोग जास्त, पण बाही त्यानंतरही अनेकींना लागते.

कायमचं का, तर प्रवृत्ती कायमची. पण सूज दोन महिन्यांचीच आहे आणि खड्डा पडत असेल, तर हात बराच मूळ मापावर आणता येतो. टेप घेऊन कोपराच्या चार बोटं वर आणि चार बोटं खाली, दोन्ही हातांचं माप दर रविवारी वहीत लिहा. आणि विळी, तव्याचा चटका, उसाच्या पाचटाचे ओरखडे सांभाळा. त्या हाताला जखम झाली तर तिकडे जंतू लवकर पसरतात. हात लाल, गरम झाला आणि थंडी वाजली तर सकाळची वाट पाहू नका. सुई टोचायची किंवा बी.पी. घ्यायचं तर उजवा हात पुढे करा. डावा द्यावा लागला तर आभाळ कोसळत नाही, पण उजवा असताना डावा कशाला द्या?

प्र. मी विज्ञान शिक्षक आहे. केशवाहिनीच्या धमनीकडच्या टोकाला द्रव बाहेर पडतो, शिरेकडच्या टोकाला त्यातला नव्वद टक्के परत आत येतो आणि उरलेला लसिकेतून जातो, असं आम्ही शिकलो आणि तसंच शिकवतो. एका विद्यार्थ्याने इंटरनेटवर वाचून सांगितलं की हे चुकीचं आहे. त्याला गप्प केलं, पण मनात राहिलं. — एक शिक्षक, लातूर

सर, त्याला उद्या वर्गात उभं करून शाबासकी द्या.

जुनी आकृती अर्नेस्ट स्टार्लिंगच्या नावावर चालते. त्याने 1896 मध्ये दाखवलं की रक्ताचा दाब द्रव बाहेर ढकलतो आणि रक्तातलं प्रोटीन तो आत ओढून धरतं. हे तत्त्व आजही खरं आहे. शिरेच्या टोकाला बहुतेक द्रव परत येतो, हा हिशेब मात्र टिकला नाही. केशवाहिनीच्या आतल्या भिंतीवर साखर-प्रोटीनच्या धाग्यांचं बारीक अस्तर असतं, त्याला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. प्रोटीनची ओढ या अस्तराच्या दोन बाजूंमध्ये मोजायची असते. तशी मोजली तर बहुतेक अवयवांत केशवाहिनी टोकापासून टोकापर्यंत थोडी थोडी बाहेरच झिरपत राहते. लेविक आणि मिशेल या शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये हा सगळा हिशेब नव्याने मांडला. मूत्रपिंड, आतड्याचं अस्तर आणि खुद्द लसिकाग्रंथी अशा काही जागी मात्र द्रव सतत आत घेतला जातो, कारण त्या जागांचं कामच ते आहे.

म्हणजे झिरपलेला जवळजवळ सगळा द्रव परत आणण्याचा भार लसिकेवर आहे. दिवसाला सुमारे आठ लिटर लसिका ग्रंथींपर्यंत पोचते. त्यातलं निम्मं पाणी ग्रंथींमधल्या रक्तवाहिन्या शोषून घेतात आणि उरलेली चारेक लिटर दाट लसिका गळ्याशी शिरेत पडते. आपल्या अंगात प्लाझ्मा, म्हणजे रक्तपेशी वगळून उरलेला रक्ताचा पातळ भाग, असतो तीन लिटर. तेव्हा तो दिवसातून दोन-तीनदा रक्तवाहिन्यांबाहेर जाऊन फिरून येतो असं म्हटलं तरी चालेल. पुस्तकात लसिकेला एक परिच्छेद आणि रक्ताभिसरणाला पूर्ण धडा, हे मला कधीच पटलं नाही.

आणखी एक गंमत मुलांना सांगा. बेडकाला लसिकेसाठी वेगळी, धडधडणारी छोटी हृदयं असतात. तुमच्या-माझ्या पिढीने मेणाच्या ट्रेमध्ये इतके बेडूक फाडले, ती कुणी दाखवली नाहीत.

प्र. माझ्या आईला वीस वर्षांपासून हत्तीपाय आहे. दर वर्षी आशाताई गोळ्या घेऊन येतात. आई खाते, आम्ही घरचे बाकीचे खात नाही, कारण आम्हाला काही झालेलं नाही. लॅबमध्ये दिवसा रक्त तपासून घेतलं, काही निघालं नाही. मग आईचा पाय या गोळ्यांनी उतरत का नाही? वर्षातून तीन-चार वेळा तिला हुडहुडी भरून ताप येतो, पाय लाल होतो. — एक वाचक, ता. साकोली

दादा, तुमच्या घरी कारभार उलटा चालला आहे. त्या गोळ्या मुख्यतः तुमच्यासाठी आहेत.

हत्तीपायाचा जंत, वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, दोऱ्यासारखा बारीक असतो आणि माणसाच्या लसिकावाहिन्यांतच घर करतो. तिथे तो पाच-सात वर्षं जगतो, वाहिन्या फुगवतो, झडपा निकामी करतो. त्याची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रक्तात येतात आणि तिथून क्युलेक्स डासाच्या पोटात जातात. 1872 मध्ये टिमथी लुईस यांनी कलकत्त्यात माणसाच्या रक्तात ही पिल्लं पाहिली, आणि 1877 मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये ती डासात वाढताना दाखवली. डास कुठलाही रोग वाहतो, हे तोवर कुणी सिद्ध केलेलं नव्हतं.

ही पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, क्युलेक्स चावण्याच्या वेळी, कातडीजवळच्या रक्तात येतात. म्हणून तुमचा दिवसाचा रिपोर्ट काहीच सांगत नाही. आमच्या काळी आम्ही रात्री नऊनंतर गावात शिरायचो: एक कंदील, काचपट्ट्यांची पेटी, बोटाला टोचायची सुई आणि मागे गावभरची कुत्री. लोक म्हणत, "आले रातचे रक्त न्याले." एकदा दिवसभर भाताच्या बांधीत राबून आलेल्या धडधाकट पोराचा थेंब मी मायक्रोस्कोपखाली पाहिला, तर त्यात गांडुळासारखी वळवळ. त्याच्या पायाला साधा सूजेचा वणही नव्हता. असे बिनलक्षणांचे लोकच डासाला जंत पुरवतात. तुम्ही तसे नाही हे कशावरून? आता कार्डावरची रक्ततपासणीही आहे, तिला रात्रीची गरज नाही.

म्हणून डी.ई.सी. आणि अल्बेंडाझोल या जंतांवरच्या गोळ्या, आणि काही जिल्ह्यांत सोबत आयव्हरमेक्टिन, हे सगळ्या गावाने एकदम खायचं असतं. आपल्या राज्यात ही तिसरी गोळी 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यापासून सुरू झाली. गोळ्या उपाशीपोटी नाही, जेवून, आशाताईंच्या समोर खायच्या. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल आणि फार आजारी माणूस सोडून सगळ्यांनी. खाल्ल्यावर एखाद्याला ताप, डोकेदुखी, मळमळ होते. ती बहुतेक वेळा पिल्लं मरण्याची खूण असते आणि एक-दोन दिवसांत जाते. गोळ्या पिशवीत ठेवून 'नंतर खातो' म्हणणाऱ्यांच्या घरी मी फडताळावर पाच-पाच वर्षांच्या गोळ्यांची आरास पाहिली आहे.

आता आई. तिच्या पायातले जंत बहुधा कधीच मेले असतील. मागे राहिल्या आहेत फुटक्या झडपा. त्या गोळीने शिवल्या जात नाहीत. पण तिचा पाय दर वर्षी वाढतो तो जंतामुळे नाही, त्या तापामुळे वाढतो. साचलेला प्रोटीनचा द्रव म्हणजे जंतूंना तयार जेवण, आणि लसिका वाहत नाही म्हणून पांढऱ्या पेशींनाही तिथे वेळेवर पोचता येत नाही. बोटांच्या बेचक्यात चिखली झाली, टाचेला भेग पडली, की तिथून साधे कातडीवरचे जंतू आत जातात. प्रत्येक झटका उरल्यासुरल्या वाहिन्या जाळून जातो. झटके थांबले तर पाय वाढायचा थांबतो, थोडा मऊही होतो.

झटके थांबवायला लागतं ते असं. मी ओ.पी.डी.त आजही स्वतः स्टुलावर बसून करून दाखवते, कारण सांगून कुणी करत नाही. एक घमेलं, एक मग, साधा अंगाचा साबण, दोन मऊ फडकी. पाणी कोमट किंवा साधं, गरम नाही. आधी पाय ओला करायचा, साबणाचा फेस हातावर करायचा, मग मांडीपासून खाली. घासणीने, विटेच्या तुकड्याने घासायचं नाही. प्रत्येक बेचक्यात, प्रत्येक वळीत बोट गेलं पाहिजे. बोट जात नसेल तर कापडाची वात करून फिरवायची. पाण्यातला फेस संपेपर्यंत धुवायचं. नंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच लोक गाळतात: पुसणं. जुन्या लुगड्याचा तुकडा घ्या, टिपून टिपून कोरडं करा, बेचक्यात तो तुकडा धरून ठेवा. पांढरं, कुजकट दिसलं तर तिथे बुरशीचं मलम. रोज दोनदा जमलं तर उत्तम, एकदा तर हवंच. ज्या घरात हे सूनबाई किंवा मुलगा करतो तिथे पाय सुधारतो, ज्या घरात म्हातारीलाच वाकून करावं लागतं तिथे आठ दिवसांत बंद पडतं. तुमचा हात तिच्या बेचक्यात पोचेल, तिचा पोचणार नाही. इतकं लांबलचक लिहिण्याचं कारण तेच.

रात्री खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा. दिवसा बसल्या बसल्या घोटा वर-खाली, गोल. अनवाणी बांधीत जायचं नाही. पण ताप आलेल्या दिवसांत व्यायाम नाही, चोळणं नाही, पट्टी नाही आणि जंताची गोळीही नाही. तेव्हा फक्त आराम, पाय उंच, थंड पाण्याचं फडकं, तापाची गोळी आणि डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक पूर्ण. आरोग्य केंद्रात पाय धुण्याचं किट मिळतं, मागून घ्या. आणि घरात, शेजारी कुणा पुरुषाला हायड्रोसील (अंडकोशात पाणी साचणं) असेल तर तोही याच जंताचा प्रताप असू शकतो. त्याला ऑपरेशन आहे, सरकारी दवाखान्यात होतं. लाजून पंचा घट्ट नेसत फिरण्याची गरज नाही.

घरामागचा सेप्टिक टँक पाहा. त्याच्या व्हेंट पाइपच्या तोंडाला जाळी आहे का? क्युलेक्सला घाण पाणीच आवडतं.

प्र. मी 24 वर्षांचा आहे. कधी कधी सकाळी दुधासारखी पांढरी लघवी होते. गावातल्या वैद्यांनी धातू जातो म्हणून सांगितलं, दोन वर्षं चूर्ण घेतो आहे. वजन सहा किलो उतरलं. लग्न ठरलं आहे, मोडू का? कृपया गावाचं नाव छापू नये.

छापत नाही. लग्न मोडू नका, चूर्ण बंद करा.

जेवणातलं तूप-तेल पचलं की त्यातली बहुतेक चरबी थेट रक्तात जात नाही. ती आतड्याच्या लसिकावाहिन्यांतून जाते, म्हणून जेवणानंतर त्या वाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या दिसतात. 1622 मध्ये इटलीत गास्पारे आसेल्ली याने नुकत्याच खाल्लेल्या कुत्र्याचं पोट उघडलं, तेव्हा त्याला हे पांढरे धागे दिसले. आधी त्याला ते मज्जातंतू वाटले. एक कापला तर पांढरा द्रव वाहिला. माणसाला लसिकेचा पत्ता लागला तो असा.

तुमच्या बाबतीत पोटातल्या त्या वाहिन्या कुठेतरी तटतटून मूत्रपिंडाच्या वाटेत फुटल्या असाव्यात. आपल्या भागात याचं नेहमीचं कारण तोच हत्तीपायाचा जंत, पायाला काही नसतानाही. जाते ती चरबी आणि प्रोटीन, म्हणून वजन उतरलं. पुरुषत्वाशी याचा काडीचा संबंध नाही. मेडिकल कॉलेजच्या युरॉलॉजी विभागात पांढऱ्या लघवीचा नमुना घेऊन जा, आणि आदल्या रात्री काय खाल्लं ते लिहून न्या. लग्नाच्या पंगतीनंतरची सकाळ बहुधा सगळ्यात पांढरी निघेल. तपासण्या होईपर्यंत तळण, तूप, साय कमी करा, डाळी, अंड्याचा पांढरा भाग वाढवा. पुष्कळांचं जंताच्या औषधाने आणि आहाराने थांबतं, नाही थांबलं तर दुर्बिणीतून औषध सोडून त्या फुटक्या वाटा बुजवतात. लघवीत गुठळ्या आल्या किंवा ती अडली तर लगेच जा.

प्र. नातवाच्या पायाला गोट्या खेळताना काच लागली. जखम भरत आली, पण जांघेत लिंबाएवढी गाठ आली आहे, दुखते. आमच्याकडे याला अवधाण म्हणतात. शेजारीण म्हणते बिब्बा लाव, बसेल. लावू का? — एक आजी, ता. पाटण

आजी, बिब्बा लावू नका. हे मी हात जोडून सांगते. बिब्ब्याने गाठ बसत नाही, कातडी भाजते, आणि मग दुखणी दोन होतात.

अवधाण हा फार नेमका शब्द आहे. जखम पायाला आणि गाठ जांघेत, हा संबंध आपल्या लोकांनी लसिका हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी ओळखला होता. पायाची लसिका जांघेतल्या ग्रंथींत येते, जंतू तिथे अडवले जातात, पांढऱ्या पेशी वाढतात, गाठ सुजते. 1897 साली पुण्यात प्लेगच्या गाठी जांघेत आणि काखेत येत त्याही याच वाटेने, पिसू जिथे चावली त्याच्या जवळच्या ग्रंथीत. नातवाचं मात्र घाबरण्यासारखं नाही. जखमेत काचेचा कण राहिला नाही ना ते दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का विचारा, डॉक्टरांनी सांगितलं तर अँटिबायोटिक द्या. लिंबाएवढी आहे म्हणता, तेव्हा दोन दिवसांच्या आत दाखवाच. आत पू धरला असेल तर तो काढावा लागतो.

न दुखणारी, टणक, महिनाभर न जाणारी गाठ, विशेषतः मानेत किंवा गळपट्टीच्या हाडावर, ही वेगळी गोष्ट. मानेत एकाशेजारी एक अशा गाठी म्हणजे गंडमाळ, आणि गंडमाळ म्हणजे बहुतेक वेळा ग्रंथींचा टी.बी. सुईने तपासणी होते, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. त्या औषधाच्या सुरुवातीला गाठी कधी कधी आणखी मोठ्या होतात, म्हणून घाबरून औषध सोडू नये.

प्र. ऑफिसजवळ 'लिम्फॅटिक डिटॉक्स मसाज' सुरू झाला आहे. शरीरातली विषं लसिकेतून बाहेर काढतात म्हणे. दहा सिटिंगचं पॅकेज घेऊ का? — एक वाचक, हिंजवडी, पुणे

नको. लसिका गटार नाही, ती गळ्याशी पुन्हा रक्तातच पडते. तेव्हा मसाजने ती हलवली तरी काही 'बाहेर' जात नाही, नको ते काढायला यकृत आणि मूत्रपिंडं बसली आहेत. हलक्या हाताचा हा मसाज एमिल व्होडर नावाच्या डॅनिश गृहस्थाने 1930 च्या दशकात बसवला आणि खऱ्या लिम्फेडेमात, पट्टीच्या जोडीने, तो कामाचा आहे. निरोगी माणसाला तासभर छान झोप लागेल, बाकी काही नाही. पायात गुठळी, कातडीला संसर्ग किंवा हृदय कमकुवत असेल तर तो धोक्याचा. तुमची लसिका हलवायची तर लिफ्ट सोडा. पोटरी हा तिचा फुकटचा मालिशवाला आहे.

प्र. वय 72. संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात, मोज्याचा वळ उठतो, सकाळी कमी असतं. बी.पी.ची अम्लोडिपिन पाच महिन्यांपूर्वी सुरू झाली. दिवसभर खुर्चीत वाचत बसतो. मलाही लसिकेचा आजार आहे का? — एक आजोबा, डोंबिवली

आजोबा, बहुधा नाही. तुमच्या लसिकावाहिन्या ठीक असाव्यात, त्यांच्यावर काम जास्त पडतं आहे. अम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करते, त्यामुळे केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि घोट्याशी झिरप वाढते. त्यात पाय खाली सोडून दिवसभर बसणं, म्हणजे पोटरी बंद. लसिका आपला वेग कित्येक पटींनी वाढवू शकते, पण त्यालाही मर्यादा आहे.

गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते डोस कमी करतील किंवा गोळी बदलतील. सूज उतरवायला लघवीची गोळी जोडून देऊ लागले तर 'आधी हीच बदलून पाहू या का' असं विचारा. तुमच्या वयाला एकदा लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या आणि हृदयाचा एको करून घ्या. धाप लागते का, उशा वाढवाव्या लागतात का, तेही त्यांना सांगा. खुर्चीसमोर स्टूल ठेवा आणि दर प्रकरणाला उठून घरात एक फेरी मारा. प्रकरणं मोठी असतील तर दर दहा पानांना.

पत्रात तुम्ही दोन्ही पाय म्हटलं आहे, म्हणून मी निवांतपणे लिहिते आहे. कधी एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखली, गरम लागली, तर मासिकाला पत्र लिहू नका, त्याच दिवशी रिक्षा करून हॉस्पिटलात जा.